बोर्ड घेण्याआधी किती बोर्ड चालवून बघावेत?

उतारवेडी

तीन सीझन झाले, मी अजून माझ्या पहिल्याच स्नोबोर्डवर आहे. तो कसा घेतला हे सांगायला लाज वाटते, तरी सांगते. उभा धरला, हनुवटीपर्यंत आला, वरचं चित्र आवडलं, पैसे दिले. लांबी १५५ सेंमी, कंबर (म्हणजे मधोमध, जिथे बोर्ड सगळ्यात अरुंद असतो तिथली रुंदी) २५.२ सेंमी. माझं वजन ५८ किलो आणि बूट मोंडो २४.५ (मोंडो म्हणजे पावलाची लांबी सेंमीमध्ये). ज्यांना यातलं कळतं त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. मला तेव्हा कळत नव्हतं.

आता टाचेच्या कडेवरून बोटांच्या कडेवर जायचं तर आधी मनाशी ठरवायचं, मग गुडघे वाकवायचे, मग वाट बघायची, मग बोर्ड वळतो. इतके दिवस हे सगळं मी माझ्याच खात्यावर मांडत होते. गेल्या सीझनच्या शेवटी मैत्रिणीने तिचा १४७ चा बोर्ड दोन फेऱ्यांपुरता दिला. तो मान वळवली तरी वळत होता! तेव्हाच ठरवलं, पुढचा बोर्ड पायाखाली घालून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

तर मागच्या आठवड्यात डेमो डे गाठला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: उताराच्या पायथ्याशी कंपन्या तंबू ठोकून बोर्ड मांडून बसतात. आपण ओळखपत्र ठेवायचं, वजन, बुटाचा नंबर आणि कुठला पाय पुढे ते सांगायचं. ते बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायचे पट्टे) लावून देतात, तासाभराने बोर्ड परत करायचा. मी दिवसात चार चालवले. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्यावरच भरकटेल.

अ: १४८, मऊ, रॉकर. पहिल्या फेरीला मी याच्या प्रेमात पडले. वळतो काय, घसरतो काय, पडायची भीतीच नाही. दुसऱ्या फेरीला जरा वेग घेतला तर पुढचं टोक फडफडायला लागलं. तिसऱ्या फेरीला कंटाळा आला.

ब: १४९, कॅम्बर, मध्यम कडक. याच्याबद्दल सगळीकडे चांगलंच वाचलं होतं. पण उताराच्या सावलीतल्या भागात बर्फ टणक असतो, तिथे बोटांच्या कडेवर उभी राहिले की हा बाजूला सटकायचा. दोनदा गुडघ्यांवर आपटले. मग नाद सोडला.

क: १४६, आखूड आणि रुंद, ताज्या भुसभुशीत बर्फासाठीचा. ताजा बर्फ नव्हताच. का घेतला? रांग नव्हती म्हणून.

ड: १५१, डिरेक्शनल (मुख्यतः एकाच दिशेने चालवायचा), चांगलाच कडक. वेगात इतका शांत की आपण किती जोरात चाललोय ते कळत नाही. पण तोवर माझे पाय संपले होते आणि यावर आळस केला की शिक्षा होते.

आता डोक्यात गोंधळ आहे. अ सोपा पण पोकळ, ड भारी पण माझ्या आवाक्याबाहेर, आणि ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो ब नापास. वाईट बोर्ड आहे की वाईट मी आहे, हे ओळखायचं कसं? आणि अजून किती चालवायचे?

शंकासुर

नाचता येईना अंगण वाकडं. (हलकं घ्या.)

आठ वर्षं एकच बोर्ड वापरतोय. तो घेतला तेव्हा डेमोबिमो काही केलं नव्हतं. बोर्डाची सवय पायांना लागते, मग तोच चांगला वाटतो. कुठलाही मधल्या फ्लेक्सचा (कडकपणाचा), आपल्या वजनात बसणारा घ्या आणि पन्नास दिवस चालवा. चार बोर्ड चालवण्यापेक्षा त्या चार तासांत वळणं घोटली असती तर जास्त उपयोग झाला असता.

हिमगौरी

शंकासुर, "आपल्या वजनात बसणारा" हे तुम्ही एका दमात बोलून गेलात, पण गोची तिथेच झालीये. ताईंचा बोर्ड त्यांच्या वजनात बसतच नाही. पन्नास काय, शंभर दिवस चालवला तरी पाय मोठे थोडेच होणार आहेत?

उतारवेडी, छान लिहिलंय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कडेलोट

मी सीझनभर बोर्डांच्या एज (कडेच्या पोलादी धारा) घासायचं आणि वॅक्स करायचं काम करतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांना तेच दिसणार, हे आधीच कबूल करतो. चार प्रश्न:

कुठला बोर्ड किती वाजता चालवला?
ब ची एज नखाने तपासली होती का?
चारही बोर्डांवर बाइंडिंगमधलं अंतर आणि कोन सारखे होते का?
मधे एकदा तरी स्वतःचा बोर्ड चालवला का?

उतारवेडी

अ साडेनऊला, ब साडेअकराला, क एकच्या सुमारास, ड तीननंतर. नखाने म्हणजे? अंतर-कोन त्यांनी लावले तसेच, मी विचारलं नाही. स्वतःचा बोर्ड गाडीत होता. :(

कडेलोट

मग तुम्ही चार बोर्ड कुठे चालवलेत, चार प्रकारचा बर्फ चालवलात. साडेनऊला यंत्राने नुकताच पिंजलेला, पकड देणारा बर्फ असतो. अकरानंतर लोकांनी वरचा थर खरवडून नेलेला असतो आणि सावलीत खालचा टणक उघडा पडतो. दुपारी उन्हातला ओला, जड. तीननंतर ढिगारे आणि दमलेले पाय. साडेनऊचा अ आणि साडेअकराचा ब यांची तुलना म्हणजे सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर चालवलेल्या सायकलीची बाजारातल्या सायकलीशी तुलना.

नखाचं सांगतो. अंगठ्याच्या नखाची पाठ एजवर आडवी ओढायची, लांबीच्या दिशेने नाही. धार असेल तर नखाचा बारीक पांढरा भुगा निघतो. नख काचेवरून गेल्यासारखं गुळगुळीत गेलं की एज बोथट. एकाच जागी बघून भागत नाही, दोन्ही बाजूंना, पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत चार-पाच ठिकाणी बघायचं. डेमोचा बोर्ड दिवसात पाच-सहा लोक चालवतात आणि त्यातला एखादा दगडावरून जातोच. कॅम्बरवाला बोर्ड टणक बर्फावर सटकतोय म्हटल्यावर मी आधी एज बघेन, मग चालवणाऱ्याकडे, आणि बोर्डाच्या घडणीकडे सगळ्यात शेवटी.

वॅक्सचंही तेच. थंड बर्फासाठीचं वॅक्स लावून दुपारच्या ओल्या बर्फात गेलं तर बोर्ड चिकटल्यासारखा चालतो आणि लोक लिहितात "बेस (बोर्डाची खालची बाजू) स्लो आहे". सिंटर्ड (भुकटी दाबून केलेला) बेस वॅक्स पितो आणि वॅक्स असेल तोवर वेगात पळतो. एक्स्ट्रुडेड (वितळवून ओतलेला) बेस कमी पितो, पण सुका पडला तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे हलगर्जी तंबूतला महागडा बोर्ड नीट ठेवलेल्या साध्या बोर्डापेक्षा हळू निघू शकतो.

नवशिका

मी आत्तापर्यंत फक्त सहा दिवस गेलोय, भाड्याच्या बोर्डावर. मीपण डेमोला जावं का? आणि कॅम्बर-रॉकर हे कृपया कोणी सोपं करून सांगेल का, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

हिमगौरी

नवशिका, बोर्ड सपाट जमिनीवर ठेवा आणि खालून कागद सरकवून बघा. मधे पायांच्या जागी कागद आरपार जातो आणि टोकांपाशी अडतो, तो कॅम्बर. मधे अडतो आणि टोकांखालून लांबपर्यंत आत जातो, तो रॉकर. आता कॅम्बरवर उभे राहा: कमान दबते, स्प्रिंगसारखी, आणि वजन एजच्या पूर्ण लांबीवर पसरतं. म्हणून पकड चांगली आणि उडी मारताना बोर्ड आपल्याला वर फेकतो. पण टोकंही बर्फाला टेकून असल्यामुळे चुकीच्या क्षणी खालच्या बाजूची एज रुतते आणि आपण तोंडावर. रॉकरची टोकं मुळातच उचललेली, म्हणून एज सहसा रुतत नाही, ताज्या बर्फात नाक वर राहतं, पण टणक बर्फावर पकड कमी आणि वेगात अस्थिर. हायब्रिडमध्ये पायांखाली कॅम्बर आणि टोकांना रॉकर, किंवा उलट. आजकाल बाजारात यांचीच गर्दी आहे.

सहा दिवसांवर डेमो? माझं मत, नको. अजून स्वतःची चूक आणि बोर्डाची खोड वेगळी ओळखता येणार नाही. आधी बूट घ्या, चांगले घट्ट. भाड्याचे बूट शंभर पायांनी सैल केलेले असतात. त्यात टाच उचलली जात असेल तर खाली कुठलाही बोर्ड असो, तो उशिराच वळणार.

मोठ्यापायाचा

बुटांना +१००. आणि स्वतःचे बूट घेऊन डेमोला जा, नाहीतर सगळं फुकट.

माझा प्रश्न ताईंच्या अगदी उलटा. मोंडो २९.५. सुरुवातीला साधा २५ च्या आसपास कंबर असलेला बोर्ड वापरायचो. नीट आडवं होऊन वळण घेतलं की बुटाचं टोक बर्फाला लागायचं, एज उचलली जायची आणि मी पोटावर घसरत खाली. वर्षभर वाटलं, वळणच चुकतंय. एकदा बुटाच्या पुढच्या रबरावर घासल्याच्या खुणा दिसल्या तेव्हा उलगडा झाला. आता २६.७ चा वाइड आहे, प्रश्न मिटला.

म्हणून डेमोला बोर्ड हातात आला की पहिलं काम: बूट बाइंडिंगमध्ये अडकवून वरून बघायचं. टाच आणि बोटं दोन्हीकडे सारखीच बाहेर आली पाहिजेत. एक-दीड सेंमी चालतं. बोटं तीन सेंमी बाहेर आणि टाच आत असेल तर बाइंडिंग मधोमध नाही, त्यांना तिथेच बदलायला लावा.

कडेलोट

आणि कंबरेचा आकडा फसवा आहे. आपण कंबरेवर उभे राहत नाही, बाइंडिंगखाली उभे राहतो आणि तिथे बोर्ड कंबरेपेक्षा साधारण एक सेंमी रुंद असतो. टेप घेऊन तिथे मोजा. उतारवेडी, तुमच्या जुन्या बोर्डाची तिथली रुंदी २६ च्या वर निघेल, आणि अनवाणी पाऊल साडेचोवीस. म्हणजे तुमची टाच आणि बोटं एजपर्यंत पोचतच नाहीत. दाराच्या बिजागरीजवळ ढकलून दार उघडायचं, तसला प्रकार चाललाय तुमचा.

उतारवेडी

मोजलं. २६.३. दोन मिनिटं नुसती बोर्डाकडे बघत बसले.

शंकासुर

ठीक आहे, रुंदीचं मान्य. अंगण थोडं वाकडं होतं. पण बाकीचं? फ्लेक्स ५ की ६, याने काय फरक पडतो?

हिमगौरी

फ्लेक्सच्या आकड्याला सगळ्यांचं मिळून एक प्रमाण नाहीये हो. प्रत्येक कंपनी आपापल्या बोर्डांच्या रांगेत १ ते १० वाटते. एकीचा ५ दुसरीचा ७ असू शकतो. म्हणूनच चालवून बघायचा ना. दुकानात टोक धरून वाकवून बघणारेही असतात, त्यातून लांबीचा वाक थोडाफार कळतो, पण पिळाचा काय कळणार? पुढचा पाय बोटांवर आणि मागचा टाचेवर असताना बोर्ड मधे पिळला जातो, वळणाची सुरुवात तिथून होते. आत काचतंतूंचे धागे दोन दिशांना विणलेत की तीन दिशांना, यावर तो पीळ ठरतो. तीन दिशांचा जास्त घट्ट, टणक बर्फावर खंबीर, पण हळू वळताना हट्टी.

आणखी एक. नाव तेच असलं तरी बोर्ड तोच असेल असं नाही. कंपन्या तेच नाव ठेवून दर एक-दोन वर्षांनी आतलं लाकूड किंवा कमान बदलतात. यंदाचा चालवून आवडला आणि स्वस्तात मिळतो म्हणून मागच्या सालचा घेतला, तर आधी काय बदललंय ते वाचा.

माझी पद्धत सांगते. वही नेते. लिफ्टवर बसल्या बसल्या लिहायचं, खाली आल्यावर नाही. खाली येईपर्यंत आठवणीत फक्त शेवटचं वळण उरतं. आणि "छान", "मस्त" असे शब्द लिहायचे नाहीत, काय झालं ते लिहायचं: "डावीकडच्या वळणात शेपूट सुटली", "सपाटीवर दोनदा अडकले", "उलट्या पायाने चालवताना फरक जाणवला नाही".

बर्फाळलेला

वाचतोय. एक सावधगिरीची सूचना: डेमोचा बोर्ड मिळाल्यावर स्क्रू स्वतः तपासा आणि एका फेरीनंतर पुन्हा तपासा. माझ्या पुढच्या पायाचं बाइंडिंग अर्ध्या उतारावर फिरायला लागलं, तबकडीचे (बाइंडिंग बोर्डाला धरून ठेवणाऱ्या गोल चकतीचे) चारही स्क्रू नुसते हाताने बसवलेले होते. बसून, बूट काढून, घसरत-चालत खाली आलो. तेव्हापासून खिशात ३ नंबरचा पोझीड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर ठेवतो. साधा फिलिप्स स्क्रूची डोकी खातो.

आणि ज्यांना स्वतःचं बाइंडिंग डेमोला न्यायचं आहे (न्यावंच, म्हणजे एक गोष्ट तरी कायम राहते) त्यांनी तबकडी बघून घ्या. बहुतेक बोर्डांना ४ बाय ४ किंवा २ बाय ४ सेंमीची भोकं असतात, पण बर्टन कंपनीच्या बोर्डांना मधे लांब खाच असते, चॅनेल. चॅनेलला बसणारी तबकडी तुमच्या बाइंडिंगबरोबर आहे ना, ते घरीच बघा.

जुनापुराणा

अवांतर: ही सगळी चर्चा वाचून शर्मन पॉपेन आठवला. १९६५ साली त्याने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना बांधल्या, त्यावर उभं राहून घसरायचं. पुढे त्याला नाकाशी दोरी लावली आणि तो 'स्नर्फर' म्हणून विकला गेला. बाइंडिंग नाही, एज नाही, कॅम्बर कुठला! त्याच स्नर्फरवर खेळलेल्या जेक बर्टन कारपेंटरने १९७७ मध्ये कंपनी काढली, आणि १९९८ ला नागानोत स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये पोचलं. आम्ही शिकलो तेव्हा कॅम्बर सोडून काही मिळतच नव्हतं, त्यामुळे कॅम्बर चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. पुढे लिब टेकच्या स्केट बनानासारखे रॉकर बोर्ड आले आणि एकदम सगळ्यांना केळ्याच्या आकाराचं वेड लागलं. आता पुन्हा कॅम्बर परत आलाय. चालू द्या.

उतारवेडी

धाग्याला वर आणतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

दुसऱ्या डेमोला गेले. या वेळी तयारीने: माझ्या बोर्डावरचं दोन्ही बाइंडिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर (५१ सेंमी) आणि कोन (+१५, -९) चिठ्ठीवर, वही, कडेलोट यांचा नखाचा धडा, आणि माझा १५५ चा ढोल्या बोर्ड. उतार एकच, वरचा अर्धा उन्हात, खालचा सावलीत. सगळं साडेनऊ ते साडेअकरामध्ये.

पहिली फेरी माझ्याच बोर्डावर. मग तंबूत जाऊन ब मागितला, १४९ च. दिला. बाजूला नेऊन नख लावलं. मागच्या पायाजवळ भुगा निघाला. पुढच्या पायाजवळ, बोटांच्या बाजूला, जवळजवळ वीतभर लांबीत नख सरळ घसरलं. काहीच निघालं नाही! बोट फिरवलं तर कड गोल लागत होती. तरी तसाच घेऊन गेले, मुद्दाम. सावलीत पोचल्यावर बोटांच्या कडेवर गेले आणि तोच आवाज, खर्रर्र, आणि तेच सटकणं. पण आता माहीत होतं म्हणून पडले नाही.

खाली आल्यावर तंबूतल्या मुलाला दाखवलं. त्याने अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं, म्हणाला काल खालच्या वाटेवर दगड उघडे पडले होते. त्याने बोर्ड स्टँडवर आडवा केला, कोन धरणाऱ्या साच्यात कानस बसवून लांब लांब हात मारले, बारीक पोलादी कीस खाली पडला, मग हिऱ्याच्या पट्टीने गुळगुळीत केलं. दहा मिनिटं. तोच बोर्ड, तीच मी, तोच उतार, वीस मिनिटांचं अंतर. सावलीत शिरले आणि बोटांच्या कडेवर झुकले, तर या वेळी आवाजच वेगळा, कापड फाडल्यासारखा, आणि बोर्ड रुळावरून गेल्यासारखा गोल फिरला. थांबून मागे बघितलं तर बर्फात पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ. माझी! तीन वर्षांत मी फक्त झाडू मारलेले पट्टे काढत होते.

मग पुन्हा माझा बोर्ड. हे केलं नसतं तर फार चुकलं असतं. कारण ब वरून उतरून लगेच १५५ वर गेल्यावर फरक बोटांनी मोजता येईल इतका स्पष्ट झाला: वेगात माझा जुना बोर्ड काही कमी नाही, किंबहुना शांत आहे. फक्त एका कडेवरून दुसरीवर जायला उशीर. म्हणजे मला मऊ नको होता, अरुंद हवा होता. अ बोर्ड पहिल्या फेरीला का आवडला होता तेही कळलं, तो अरुंद होता एवढंच!

त्यानंतर ब चाच १५२ घेतला. तीन सेंमीने काय होतंय, असं मलाही वाटत होतं. वेगात थोडा जास्त भरवसा, पण झाडांमधल्या अरुंद वाटेवर मी प्रत्येक वळणाला अर्धा क्षण मागे. आणि शेवटी ई, १४९, हायब्रिड. फार गोड बोर्ड. कुठेच त्रास नाही.

ब की ई यात अडकलेय. एक अडचण राहिलीच: ब वरच्या शेवटच्या फेरीला, पाय दमलेले, खालच्या सपाट रस्त्यावरून तंबूकडे येताना एज दोनदा अडकली आणि एकदा मी पाठीवर पडले. ई वर असं झालं नाही. मते द्या.

मोठ्यापायाचा

ई. रोज दिवसाच्या शेवटी पाय दमतातच.

शंकासुर

ब. ती रेघ विसरता येणार नाही तुम्हाला. (आणि हो, नाचता येत होतं, मान्य.)

कडेलोट

निर्णय घेण्याआधी एकच सांगतो. त्या मुलाने कानस टोकापासून टोकापर्यंत मारली असणार, घाईत सगळे तेच करतात. बोर्डाची वक्र कड जिथे संपून टोक वर उचलायला लागतं, तिथली धार थोडी मारायची असते. मऊ रबरी दगडाने दोन-चार हात, टोकाकडून आत पाच-सहा सेंमी. कॅम्बरवर तीच जागा सपाटीत रुतते. उद्या डेमो सुरू असेल तर त्याला एवढं करायला सांगा आणि फक्त तो सपाट रस्ता पुन्हा चालवा. बाकी उतार चालवायची गरज नाही.

नवशिका

हे सगळं बोर्ड घेतल्यावर स्वतः करावं लागतं का? घाबरायला झालं.

कडेलोट

नाही हो. बेसच्या बाजूने १ अंश आणि कडेच्या बाजूने १ ते २ अंश, एवढं दुकानात सांगितलं तरी करून देतात. रबरी दगड मात्र स्वतःजवळ ठेवा, खोडरबराएवढा असतो.

उतारवेडी

डेमो आज दुपारपर्यंतच होता, पळत गेले. तोच मुलगा. रबरी दगड म्हटल्यावर हसला, "काल विसरलो" म्हणाला. दोन मिनिटांचं काम. सपाट रस्ता चार वेळा चालवला. शेवटच्या दोन वेळा मुद्दाम ढिले पाय ठेवून, लिफ्टच्या रांगेत उभी असल्यासारखी. एकदाच किंचित ओढल्यासारखं झालं, पडले नाही.

ब घेतला. १४९. बाइंडिंग जुनंच. ई चा मोह सोपा होता हे खरं, पण ई मला जे देत होता ते मला येतच होतं.

हिमगौरी

अभिनंदन! जुन्या ढोल्याचं काय केलं?

उतारवेडी

भावाला दिला. त्याचे बूट मोंडो २७.५, वजन ७६. त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "एवढा चांगला बोर्ड तू का देऊन टाकतेयस?"

उतारवेडी

दुसऱ्याच दिवशी नव्या बोर्डावर दगड लागला. पांढऱ्या बेसवर तिरका ओरखडा, करंगळीएवढा लांब, नख अडकतं इतका खोल. रडू यायचं बाकी आहे. कडेलोट, आहात का?

कडेलोट

आहे. आत लाकूड दिसतंय का? दिसत असेल तर दुकानात द्या, पाणी आत गेलं तर थर सुटतात. नसेल दिसत तर पी-टेक्सची (बेसच्याच प्लॅस्टिकची) कांडी पेटवा, ज्योत लहान ठेवा (मोठी झाली की काजळी बेसमध्ये बसते, आणि तुमचा बेस पांढरा आहे), थेंब थेंब ओरखड्यात भरा, पूर्ण थंड होऊ द्या, मग धातूच्या पट्टीने सपाट खरवडा. वरून वॅक्स. फोटो टाका आधी.

उतारवेडी

लाकूड दिसत नाहीये. कांडी आणायला निघाले.